पोच मिळाली म्हणजे काम झालं का? एचटीटीपी, टीसीपी आणि वडापावचे चाळीस रुपये

घाटकोपरला मेट्रोतून उतरून मुलुंडची लोकल पकडायची, आणि मध्ये वेळ असेल तर स्टेशनबाहेर वडापाव खायचा, हा माझा नेहमीचा क्रम. मागच्या महिन्यात तिथे दोन वडापाव घेतले, क्यूआर कोड स्कॅन केला, चाळीस रुपये टाकले, पिन दिला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. पंधरा-वीस सेकंदांनी बँकेचा मेसेज आला की खात्यातून चाळीस रुपये वजा झाले. मी तो मेसेज गाडीवाल्या काकांना दाखवला. त्यांनी फोनकडे नीट बघितलंही नाही. गाडीवरच्या साउंडबॉक्सकडे बोट दाखवून म्हणाले, "बोलला नाही तो अजून."

मागे रांग होती. मी खिशातून चाळीस रुपये रोख दिले आणि निघालो. म्हणजे त्या क्षणी माझे ऐंशी रुपये गेले होते. काकांना मिळाले चाळीस. उरलेले चाळीस कुठे होते, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं.

लोकलमध्ये बसल्यावर लक्षात आलं की गेले काही आठवडे ज्या विषयावर लिहायचं ठरवत होतो, तो हाच. नेट किंवा पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "एचटीटीपी कोणत्या लेयरचा प्रोटोकॉल?" हा प्रश्न सोपा आहे, उत्तर 'ॲप्लिकेशन लेयर' आणि एक गुण खिशात. पण पीएचडीच्या मुलाखतीत पुढचा प्रश्न येऊ शकतो: "मग बऱ्याच वेब सर्व्हिस तो ट्रान्सपोर्टसारखा का वापरतात? आणि तसं केल्यानं काय बिघडतं?" इथे पाठांतर संपतं. आजची पोस्ट या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आवक शिक्का

आधी लेयरचा फरक नीट समजून घेऊ. व्याख्या पुस्तकात आहेतच, म्हणून मी एक ओळखीचं चित्र वापरतो.

समजा, तुम्ही एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला आहे. यात 'मिळालं' या शब्दाचे तीन वेगळे अर्थ आहेत. पहिला: पोस्टमननं पाकीट कार्यालयात टाकलं आणि पोचपावतीवर सही घेतली. दुसरा: आवक-जावक विभागानं पाकीट फोडलं, अर्जावर शिक्का मारला, क्रमांक दिला. तिसरा: संबंधित अधिकाऱ्यानं अर्ज वाचला आणि मंजूर किंवा नामंजूर केला. पहिल्या टप्प्यावरून तिसऱ्याबद्दल काहीच अनुमान काढता येत नाही. आवक शिक्का दाखवून "माझं काम झालंय" असं म्हणणाऱ्या माणसाला घरचेसुद्धा हसतात.

नेटवर्कमध्ये टीसीपी हा पोस्टमन आहे. त्याचं काम: बाइट्स क्रमानं पोचवणं, हरवले तर पुन्हा पाठवणं, आणि पोचल्याची पोच देणं. आत काय आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वडापावचं पेमेंट असो की मांजराचा फोटो, त्याच्या दृष्टीनं सगळे बाइट्सच.

इथे एक गोष्ट बरेच विद्यार्थी चुकीची समजतात. टीसीपीची पोच तुमच्या सर्व्हर प्रोग्रॅमकडून येत नाही. ती समोरच्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून येते. प्रोग्रॅमनं तो डेटा वाचलेलाही नसतो.

विश्वास नसेल तर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. पायथनमध्ये एक सॉकेट उघडा, 'बाइंड' करा, 'लिसन' म्हणा, आणि त्यानंतर 'ॲक्सेप्ट' न करता प्रोग्रॅमला झोपवून टाका. दुसऱ्या खिडकीतून त्या पोर्टला जोडा आणि "नमस्कार" पाठवा. वायरशार्क लावून बघा. कनेक्शन जुळलेलं दिसेल, "नमस्कार"ची पोचही आलेली दिसेल. सर्व्हर मात्र गाढ झोपेत आहे. पाकीट कार्यालयाच्या पेटीत पडलं, पण कार्यालय अजून उघडलंच नाही. माझ्या मते हा प्रयोग प्रत्येकानं एकदा स्वतःच्या हातानं करावा. नंतर ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

एचटीटीपीला काय कळतं?

आता एचटीटीपी. हा टीसीपीच्या वर बसतो (आणि एचटीटीपी-३ मध्ये क्विकच्या वर, जो स्वतः यूडीपीवर चालतो). पण त्याचं वेगळेपण 'वर बसण्यात' नाही. त्याला अर्थ कळतो, हे त्याचं वेगळेपण.

'गेट' म्हणजे फक्त दाखव, काही बदलू नकोस. 'पुट' म्हणजे या पत्त्यावर ही वस्तू ठेव. दोनदा सांगितलं तरी परिणाम एकदा सांगितल्यासारखाच. 'डिलीट' तसंच. 'पोस्ट' म्हणजे हे घे आणि तुझ्या पद्धतीनं प्रक्रिया कर. दोनदा पाठवलं तर दोनदा होऊ शकतं. उत्तराच्या बाजूला २०० म्हणजे झालं, २०२ म्हणजे स्वीकारलं पण अजून झालेलं नाही, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०३ म्हणजे सध्या जमत नाही.

हे अर्थ फक्त दोन टोकांसाठी नसतात. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये प्रॉक्सी असतात, कॅशे असतात, लोड बॅलन्सर असतात. 'गेट'चं उत्तर कॅशे ठेवू शकतो, कारण 'गेट'नं काही बदलत नाही हे त्याला माहीत आहे. कनेक्शन तुटलं तर 'पुट' पुन्हा पाठवता येतो. पण 'पोस्ट' प्रॉक्सीनं आपल्या मनानं पुन्हा पाठवायचा नाही, हा एचटीटीपीच्या प्रमाणग्रंथातला, म्हणजे जून २०२२ च्या आरएफसी ९११० मधला, स्पष्ट नियम आहे. लोड बॅलन्सर ५०३ बघून तो सर्व्हर बाजूला काढू शकतो. ही सगळी मंडळी तुमचं पाकीट न फोडता फक्त वरचा मजकूर वाचून कामं करतात.

रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, अर्वाइन इथे, जो पीएचडी प्रबंध सादर केला, तो 'रेस्ट' या शब्दासाठी प्रसिद्ध आहे. बहुतेक जण पाचवं प्रकरण वाचून थांबतात. मी म्हणेन, सहावंही वाचा. त्यात एचटीटीपी हा ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल नाही, असं सांगणारा एक स्वतंत्र उपविभागच आहे. मुद्दा थोडक्यात असा: एचटीटीपीचे संदेश वेबच्या रचनेचा अर्थ वाहून नेतात, नुसते बाइट्स वाहून नेण्यासाठी तो बनवलेला नाही. हे लिहिणारा माणूस स्वतः एचटीटीपी १.१ च्या प्रमाणग्रंथाच्या लेखकांपैकी एक होता, हेही लक्षात ठेवा.

मग त्याचं पाइप कसं झालं?

त्याच वर्षी, मे २००० मध्ये, सोप १.१ डब्ल्यूथ्रीसीकडे टिपणाच्या रूपात प्रसिद्ध झालं. सोपची कल्पना वेगळी होती. संदेशाचा सगळा अर्थ एक्सएमएलच्या पाकिटात ठेवायचा: कोणतं काम, कोणती माहिती, काय चूक झाली, सगळं आत. ते पाकीट एचटीटीपीवरून जाईल, ईमेलनंही जाईल, आणखी कशानंही. म्हणजे एचटीटीपी हा अनेक वाहनांपैकी एक.

व्यवहारात जवळजवळ सगळे एचटीटीपीच वापरायचे, आणि त्यामागे एक साधं कारण होतं. कंपन्यांच्या फायरवॉल्समध्ये बाकीची दारं बंद असायची, पण वेबचं ८० नंबरचं आणि ४४३ नंबरचं दार उघडं असायचं. नवीन प्रोटोकॉलसाठी नवीन दार उघडून घ्यायचं म्हणजे परवानग्यांची रांग. त्यापेक्षा उघड्या दारातून पाकीट सरकवलं की झालं.

यावर तेव्हाच आक्षेप आले. फेब्रुवारी २००२ मधला आरएफसी ३२०५ नेमका याच विषयावर आहे: एचटीटीपीला दुसऱ्या प्रोटोकॉलचा पाया म्हणून वापरावं का, आणि वापरायचं तर काय काळजी घ्यावी. वीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याची जागा आरएफसी ९२०५ नं घेतली. दोन्ही लागोपाठ वाचले तर एक रंजक बदल दिसतो. पहिल्याचा सूर "नीट विचार करा, कदाचित वापरू नका" असा आहे. दुसरा हे वास्तव स्वीकारतो की सगळे वापरणारच आहेत, आणि मग सांगतो: वापरा, पण एचटीटीपीचे अर्थ मोडू नका. एकाच प्रश्नावर एका संस्थेचं मत वीस वर्षांत कसं सरकलं, हे बघणं लिटरेचर रिव्ह्यूचा चांगला सराव आहे.

आपल्या खिशातलं उदाहरण

आता वडापावकडे परत. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्यालय आपल्याच शहरात, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते, २१ बँकांसोबत, यूपीआयची प्रायोगिक सुरुवात झाली, आणि २५ ऑगस्टपासून बँकांची ॲप्स लोकांसाठी येऊ लागली.

यूपीआयचा सुरुवातीचा तांत्रिक दस्तऐवज सार्वजनिक झालेला आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो एक डिझाइन पेपर समजून वाचावा. त्यातली रचना अशी:

संदेश एक्सएमएलमध्ये असतात आणि एचटीटीपीएसवरून 'पोस्ट'नं जातात. प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते. पैसे पाठवण्याच्या विनंतीचं नाव 'रेक-पे', उत्तराचं 'रेस्प-पे'. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: 'रेक-पे' पाठवल्यावर त्याच एचटीटीपी कनेक्शनवर जे उत्तर येतं, त्यात पेमेंटचा निकाल नसतो. ती फक्त पोच असते: तुमचा अमुक संदेश मिळाला. खरा निकाल नंतर, समोरच्या बाजूनं स्वतंत्रपणे केलेल्या नव्या कॉलनं, 'रेस्प-पे' म्हणून येतो.

माझ्या चाळीस रुपयांचा प्रवास साधारण असा झाला असणार. माझ्या ॲपमागच्या बँकेनं यूपीआयला 'रेक-पे' पाठवला, पोच मिळाली. यूपीआयनं काकांच्या बाजूच्या बँकेला विचारलं की हा पत्ता कोणत्या खात्याचा. पोच, मग वेगळं उत्तर. यूपीआयनं माझ्या खात्याच्या बँकेला सांगितलं, चाळीस वजा करा. पोच, मग वेगळं उत्तर. मग काकांच्या खात्याच्या बँकेला सांगितलं, चाळीस जमा करा. पोच, मग वेगळं उत्तर. शेवटी दोन्ही बाजूंना निकाल. यातल्या शेवटच्या काही पावलांमध्ये कुठेतरी माझं प्रकरण अडकलं.

आता फील्डिंग यांचा चष्मा लावून याकडे बघा. एचटीटीपीचा २०० इथे काय सांगतो? "पाकीट मिळालं," एवढंच. म्हणजे एचटीटीपी इथे जवळजवळ पोस्टमनच्या पातळीवर उतरला आहे. आवक शिक्का, फार तर. पैसे गेले की नाही, हा अर्थ पूर्णपणे एक्सएमएलच्या आत आहे. मध्ये बसलेल्या साध्या एचटीटीपी प्रॉक्सीला यशस्वी आणि फसलेलं पेमेंट यांत काहीही फरक दिसणार नाही.

मग हे डिझाइन चुकीचं आहे का? पाठ केलेलं उत्तर "हो, कारण रेस्ट नाही" असं येईल. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हेच या पोस्टचं मुख्य म्हणणं आहे.

अर्थ आधीच दुसरीकडे होता

बँकांच्या जगात 'वजा कर', 'जमा कर', 'उलटव' ही भाषा वेबपेक्षा जुनी आहे. एटीएम आणि कार्डांच्या व्यवहारांसाठी वापरला जाणारा आयएसओ ८५८३ हा संदेशनमुना पहिल्यांदा १९८७ साली प्रसिद्ध झाला, आणि व्यवहार उलटवण्याचा संदेशप्रकार त्यात आहे. म्हणजे बँकांकडे स्वतःचा ॲप्लिकेशन प्रोटोकॉल होताच. त्यांना हवं होतं वाहन, आणि एचटीटीपीएस हे सगळीकडे उपलब्ध, सगळ्या भाषांमध्ये लायब्ररी असलेलं, एनक्रिप्शनसह येणारं वाहन होतं.

शिवाय पेमेंटमध्ये चार-पाच संस्था साखळीनं जोडलेल्या असतात. निकाल येईपर्यंत प्रत्येकानं एचटीटीपी कनेक्शन धरून ठेवायचं ठरवलं, तर एक बँक मंदावली की तिच्यासाठी थांबलेल्या सगळ्यांची कनेक्शन्स अडकून पडतात. आणि कनेक्शन मध्येच तुटलं तर तयार झालेलं उत्तर पोचवायला वाट उरत नाही. पोच लगेच आणि निकाल नंतर, ही रचना या दोन्ही अडचणी टाळते. सहीचंही तसंच. टीएलएसचं संरक्षण कनेक्शनपुरतं असतं, कनेक्शन संपलं की संपलं. संदेशावरची सही संदेशासोबत राहते. सहा महिन्यांनी वाद झाला तरी दाखवता येते.

पण हे फुकट मिळत नाही. एचटीटीपीनं जे आयतं दिलं असतं, ते सगळं पुन्हा बांधावं लागतं. एचटीटीपीचे स्टेटस कोड उपयोगाचे नाहीत, म्हणून संदेशाच्या आत स्वतःचे प्रतिसाद कोड. 'पोस्ट' पुन्हा पाठवणं धोक्याचं, म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा एकमेव क्रमांक. निकाल आलाच नाही तर विचारायला 'रेक-चेक-टीएक्सएन' नावाची वेगळी चौकशी. समोरची यंत्रणा जिवंत आहे का बघायला वेगळा ठोक्याचा संदेश. यादी बघितली की कळतं: हा एक संपूर्ण ॲप्लिकेशन प्रोटोकॉल आहे, एचटीटीपीच्या पाठीवर बसलेला.

एक बारीक गोष्ट मला विशेष आवडली. या रचनेत यूआरएलमध्ये एपीआयचं नाव, आवृत्ती आणि व्यवहाराचा क्रमांक असतो. म्हणजे अर्थ आत ठेवला तरी पाकिटावर थोडा मजकूर लिहिला आहे. त्यामुळे मधल्या लोड बॅलन्सरला एक्सएमएल न उघडता संदेश योग्य जागी वळवता येतो.

म्हणून माझं म्हणणं असं: "एचटीटीपी ट्रान्सपोर्टसारखा वापरला" हा आपोआप गुन्हा ठरत नाही. गुन्हा तेव्हा होतो, जेव्हा तसा वापरायचा निर्णय नकळत घेतला जातो आणि सोडून दिलेल्या गोष्टी कुणीच पुन्हा बांधत नाही.

माझा स्वतःचा गुन्हा

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. एमईच्या दुसऱ्या वर्षी मी हवेच्या नोंदी गोळा करणारी एक छोटी सर्व्हिस लिहिली होती. बोरिवली आणि मुलुंडमध्ये ओळखीच्यांच्या गच्चीवर चार सेन्सर लावले होते. ते दर पाच मिनिटांनी नोंद 'पोस्ट' करायचे. सर्व्हरवर काही चुकलं तर मी उत्तरात एक जेसॉन पाठवायचो: स्थिती 'एरर', कारण अमुक. एचटीटीपी स्टेटस मात्र कायम २००, कारण फ्रेमवर्कचा तो डीफॉल्ट होता आणि मी त्यावर विचारच केला नव्हता.

सेन्सरवरचा कोड मित्रानं लिहिला होता. त्यानं जे करायला हवं तेच केलं: २०० आला की नोंद पोचली असं समजायचं आणि सेन्सरच्या छोट्या मेमरीतून ती पुसायची.

जुलैमध्ये सर्व्हरची डिस्क भरली. सर्व्हर प्रत्येक नोंदीला इमानदारीनं "एरर: डिस्क फुल" असं उत्तर देत होता, २०० च्या पाकिटात. सेन्सर इमानदारीनं नोंदी पुसत होते. मॉनिटरिंगचा आलेख हिरवागार. अकरा दिवसांनी मला कळलं. पावसाळ्याचे अकरा दिवस, चारही ठिकाणचे. ते परत मोजता येणार नव्हते. प्रबंधात त्या जागी आजही एक रिकामी पट्टी आहे आणि खाली एक ओशाळवाणी तळटीप.

मी ५०७ किंवा साधा ५०० पाठवला असता, तर सेन्सरनं नोंद जपून ठेवली असती. एक ओळ. मी एचटीटीपीला पाइप बनवलं होतं आणि मित्र त्याला ॲप्लिकेशन प्रोटोकॉल समजत होता. दोघांचेही कोड आपापल्या जागी बरोबर होते. चूक दोघांच्या मधोमध होती.

आजही असे पर्याय तुमच्यासमोर येतील. जीआरपीसीमध्ये कॉल फसला तरी एचटीटीपीचा स्टेटस साधारणपणे २००च असतो. खरा निकाल शेवटी येणाऱ्या वेगळ्या हेडरमध्ये असतो. ग्राफक्यूएलमध्येही चुका अनेकदा २०० च्या आत येतात. ही माझ्यासारखी बेसावध चूक नाही, तो जाणीवपूर्वक केलेला करार आहे. पण तुमचं मॉनिटरिंग फक्त एचटीटीपीचे कोड मोजत असेल, तर तुमचाही आलेख हिरवागार राहील.

काकांनी स्क्रीन का बघितली नाही

१९८४ साली साल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांचा 'एंड-टू-एंड' युक्तिवादावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सिस्टिम्समध्ये संशोधन करायचं असेल तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. छोटा आहे आणि गणित नाही. त्यांचं म्हणणं ढोबळमानानं असं: काही कामं बरोबर झाली की नाही, हे फक्त दोन टोकांवरचं ॲप्लिकेशनच खात्रीनं सांगू शकतं. मधल्या थरांनी कितीही विश्वासार्हता दिली, तरी ती शेवटच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मधल्या थरांची मदत वेग वाढवायला उपयोगी असते, एवढंच.

वडापाववाल्या काकांनी हा निबंध वाचलेला नाही, पण ते त्याप्रमाणेच वागले. माझी स्क्रीन म्हणजे साखळीतल्या माझ्या टोकाची बातमी. बँकेचा मेसेज म्हणजे 'वजा झाले' या मधल्या पावलाची पोच. त्यांना हवी होती त्यांच्या टोकाची खात्री: जमा झाले. म्हणून ते साउंडबॉक्सच्या आवाजावर विश्वास ठेवतात. उलट मी, नेटवर्क शिकवणारा माणूस, मधल्या टप्प्याची पोच दाखवून "झालं की काका" म्हणत होतो.

आणि जेव्हा दोन टोकांना खात्री पटत नाही, तेव्हा काय? वेळ संपल्यावर विनंती हरवली की उत्तर हरवलं, हे पाठवणाऱ्याला कळू शकत नाही. कोणताही प्रोटोकॉल हा प्रश्न मुळातून मिटवत नाही. तो फक्त ठरवतो की संशयाच्या अवस्थेत काय करायचं. पेमेंटच्या बाबतीत हे ठरवणारा शेवटचा थर कोडच्या बाहेर आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयमध्ये खात्यातून पैसे वजा झाले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दररोज १०० रुपये भरपाई. मला हा नियम टाइमआउटसारखाच वाटतो. फक्त तो सेकंदांऐवजी दिवसांत मोजलेला आहे.

तुमच्या प्रपोजलसाठी

तुम्ही वेब सर्व्हिसेसवर काही करणार असाल, तर प्रत्येक आकृतीतल्या प्रत्येक बाणाला हे चार प्रश्न विचारा. मी आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

१. या बाणावर जी 'ओके' परत येते, ती नेमकी कोण देतं: ऑपरेटिंग सिस्टिम, वेब सर्व्हर, की काम करणारा कोड?

२. त्या 'ओके'चा अर्थ काय: पोचलं, स्वीकारलं, की झालं?

३. 'ओके' आलीच नाही तर पुन्हा पाठवता येईल का? दोनदा पोचलं तर दोनदा होईल का?

४. एचटीटीपी जे आयतं देतो त्यातलं काय आपण सोडलं, आणि ते पुन्हा कुठे बांधलं?

चौथ्या प्रश्नाला "माहीत नाही" असं उत्तर आलं, तर घाबरू नका. कदाचित तिथेच तुमचा संशोधनाचा प्रश्न आहे. उदाहरणार्थ: अर्थ पाकिटाच्या आत असताना मधल्या यंत्रणांना बिघाड किती लवकर कळतो? पाकिटावर किती मजकूर लिहिला तर फायदा होतो आणि गोपनीयता कितपत जाते? हे मोजता येण्याजोगे प्रश्न आहेत, आणि एका लॅपटॉपवर चार कंटेनर चालवून सुरुवात करता येते.

माझे चाळीस रुपये तिसऱ्या दिवशी परत आले. पुढच्या वेळी घाटकोपरला काकांना सांगितलं. ते म्हणाले, "येतात हो, पण ग्राहक तोवर माझ्याशीच भांडतो ना." प्रोटोकॉलच्या दोन थरांमधली फट शेवटी कुणाच्या अंगावर येते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. या वेळी पैसे टाकल्यावर मी स्क्रीन दाखवली नाही. आम्ही दोघं साउंडबॉक्स बोलायची वाट बघत उभे राहिलो.